दोऱ्याचे भेदरे

मृत्युपत्र

मी, धुरपताबाई सुकराम कापगते, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहिते. माझे गुडघे गेले आहेत, डाव्या डोळ्याने कमी दिसते, पण डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट जिच्यासाठी लिहिते आहे त्या मंजूने एकदा माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि म्हणाली, “माय, असं अशुभ लिहत बसू नोको.” यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

वकिलांनी सांगितले की, कोणाला काय द्यायचे ते लिहा आणि का द्यायचे तेही लिहा, म्हणजे कागद पक्का होतो. म्हणून कारणे लिहिते. ती थोडी लांबतील.

१. माझी माणसे. माझे यजमान सुकराम हयात नाहीत. आम्हाला एकच मुलगा होता, ओमेश. तो सत्तावीस वर्षांचा असताना मलेरिया डोक्यात चढून गेला. त्याची पत्नी मंजू देवरीच्या घरची. त्यांना मूल नव्हते. पुढे मंजूचे दुसरे लग्न मी लावून दिले, माझ्याच अंगणात. जावई दुर्गेश, त्यांची मुलगी पुष्पांजली. हे तिघेही माझ्याजवळ राहतात. कागदोपत्री ही माणसे माझी कोण लागतात, असा प्रश्न उद्या कचेरीत विचारला जाईल. दुर्गेश परका ठरेल आणि पुष्पांजली तर माझ्या रक्ताची नाहीच. तर उत्तर असे की, मंजू माझी मुलगी आहे, दुर्गेश जावई आहे आणि पुष्पांजली नात आहे. हे मी ठरवले आहे आणि ठरवण्याचा अधिकार माझा आहे.

२. घर आणि वाडी. मौजा केशोरी येथील कौलारू घर, विहीर आणि घरामागची सांदवाडी, क्षेत्र उताऱ्यात आहे तेवढे. चतुःसीमा: पूर्वेस माझे दीर खेमराज कापगते यांचे घर व वाडी, पश्चिमेस बैलगाडीची वाट, दक्षिणेस गावरस्ता, उत्तरेस तलावाची पाळ. तो तलाव यजमानांच्या पूर्वजांनी बांधला असे घरात सांगत आले. त्याचे पाणी साऱ्या गावाच्या धानाला जाते आणि पाळीतून झिरपते ते आमच्या वाडीत येते.

ओमेशच्या वाट्यात मंजूचा हिस्सा कायद्याने आधीच आहे आणि दुसऱ्या लग्नाने तो जात नाही, हे मी विचारून घेतले आहे. तो मी देण्याचा प्रश्नच नाही. घरातला, विहिरीतला आणि वाडीतला जो माझा हिस्सा आहे तो सर्व मी माझ्या पश्चात मंजूला देते. तिने तो आपल्या नावे करून घ्यावा. माझे दीर, त्यांचे वारस किंवा कापगते घराण्यातील अन्य कोणी यांचा त्यावर हक्क नाही.

३. वाडीत काय आहे ते. वाडीत भेदरे आहेत. सरकारी कागदात टोमॅटो लिहितात, तलाठी साहेबांनी तसे वाचावे. पण हे भेदरे बाजारातल्या रोपांचे नाहीत. ते या वाडीत तयार झालेले आहेत, आणि मंजूचा या घरावर काय हक्क आहे ते त्यांच्याशिवाय कोणाला समजायचे नाही.

माझ्या सासूबाईंचे भेदरे गावात प्रसिद्ध होते. चपटे, घड्या पडलेले, पातळ सालीचे आणि आंबट. माशाच्या रश्शात दोन टाकले तर चिंच लागत नसे. पण त्यांना पाझर सोसत नसे. सकाळी ताठ उभे असलेले झाड दुपारी मान टाकायचे आणि मग उठायचे नाही. पाळीच्या बाजूची अर्धी वाडी म्हणून रिकामीच राहायची.

दुसरे बी माझे. लहानपणी मी दरेकशाला मामाकडे होते. मामा रेल्वेत गँगमन होता. तिकडे भेदऱ्यांना पताल म्हणतात. मामीच्या मोरीच्या पाण्यावर बोराएवढे पताल लागायचे, चिखलात उभे, कोणी न विचारता वाढलेले. लग्न होऊन आले तेव्हा त्याचे बी लुगड्याच्या पदराला बांधून आणले होते. सासूबाईंनी एक खाऊन पाहिला आणि म्हणाल्या, “यात पाणीच पाणी, चव कोठी हाय?” त्यांचे बरोबर होते. पण पताल पाळीच्या कडेला जगला.

ओमेशने शेतीची पदविका केली आणि देवरी रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत कामाला लागला. आंबटपणा आजीचा आणि मूळ पतालचे, असे एक झाड करायचे त्याने मनात घेतले. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तो कामावरून आला की वाडीत बसायचा. आजीच्या भेदऱ्याची उद्या उमलेल अशी कळी चिमट्याने उघडायची, आतले पिवळे पुंकेसर काढून टाकायचे, मग पतालच्या फुलातले पराग नखावर घेऊन त्या कळीला लावायचे आणि देठाला शिवणाचा पांढरा दोरा बांधायचा. मंजू त्याला दोरा तोडून द्यायची. मी म्हणाले, “नवस बांधून रायला का रे?”

म्हणाला, “नाई माय, लगन लावून रायलो. तुया पतालचं आन आजीच्या भेदऱ्याचं.”

त्याच पंधरवड्यात त्याला ताप भरला. गोंदियाला नेले तेव्हा गाडीत बसताना तो शुद्धीवर होता. मंजूला एवढेच म्हणाला, “दोऱ्याच्या भेदऱ्यांले कोणाले हात लावू देजो नोको.” तो परत आला तो खाटेवर, जीव नसलेला.

४. तेरवीची गोष्ट. ही मी मुद्दाम लिहिते, कारण खेमराजभाऊजी आणि माझ्यात जे आहे ते तिथून आहे.

तेरवीला जेवण मोठे होते. भाजी कमी पडेल म्हणून भाऊबंदांतल्या बाया टोपली घेऊन वाडीत शिरल्या, हिरव्या भेदऱ्यांची चटणी करायला. मंजू तोपर्यंत खोलीतून बाहेर आली नव्हती, कोणाशी बोलली नव्हती. ती उठली, वाडीत गेली आणि झाडांपुढे उभी राहिली. म्हणाली, “दोरे हाय त्या झाडाले हात लावायचा नाई.” बाया थांबल्या. त्यांना वाटले पोरीचे डोके फिरले.

खेमराजभाऊजी अंगणातून सगळ्यांदेखत बोलले, “नवरा गेला आन हिले भेदऱ्यांची पडली. वैनी, देवरीले निरोप पाठवा. हिचा भाऊ येऊन घेऊन जाईल. आता इथं तिचं काय काम हाय?”

मला फक्त दिसत होते की ती पोरगी पाय रोवून उभी आहे आणि तिच्यामागे पांढरे दोरे दिसत आहेत. संध्याकाळी तिचा भाऊ खरेच आला. कोणीतरी परस्पर निरोप दिला होता. मंजूने त्याला जेवायला वाढले आणि सांगितले, “हे पिकेपर्यंत मी येत नाई.” मी म्हणाले, “पिकल्यावरही येणार नाही.” तो समजूतदार होता, एकटा परत गेला.

भेदरे पौषात पिकले. आम्ही दोघींनी त्यांचा गर वाटीत काढला, फेस येईपर्यंत ठेवला, धुतला आणि बी राखेत वाळवून वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरले. मंजू तोवर मला आत्याबाई म्हणायची. त्या हिवाळ्यापासून माय म्हणू लागली. तिला मी तसे सांगितले नव्हते.

५. पुढच्या पावसाळ्यात आम्ही ते बी लावले. सगळी झाडे एकसारखी आली आणि फळ पाहून मी हिरमुसले. गोल, गुळगुळीत, ना आंबट ना गोड. मी म्हणाले, यासाठीच का पोराने डोळे फोडले?

मंजू म्हणाली, “थांब माय. हे सांगत होते, पयल्या साली सगळे सारखेच येते. त्याच्या बीपासून पुढच्या साली येते ते खरं. तवा कोण कोणावर गेलं ते दिसते.”

तसेच झाले. त्याच्या पुढच्या साली एका झाडासारखे दुसरे झाड नव्हते. कोणाला बोराएवढे घोस, कोणाला एकच मोठे घडीचे फळ, कोणाचे पिवळे, कोणाचे पिकूनही हिरवटच. मंजूने सगळी रोपे पाळीच्या बाजूलाच लावली होती, जिथे पाझर सगळ्यात जास्त. मी म्हणाले, मारतेस का त्यांना? ती म्हणाली, “मरते ते मरू दे. जगते त्याचीच चव घेऊ.” बरीचशी मेली. रोज सकाळी ती मेलेली झाडे उपटायची आणि उरलेल्यांकडे पाहत बसायची. मी अंगणवाडीत जायचे, पण माझे लक्ष वाडीत असायचे.

जी जगली त्यांची फळे आम्ही एकेक करून खाल्ली, मीठ न लावता. बहुतेक थुंकून टाकली. मग कार्तिकात एक दिवस मंजूने पाळीच्या अगदी बुडाशी असलेल्या झाडाचे एक फळ कापून माझ्या हातावर ठेवले. लहान होते, पण चपटे आणि घडीचे. मी तोंडात टाकले आणि म्हणाले, “सासूबाईंचा आहे हा.”

मंजू खाली बसली आणि रडू लागली. ओमेश गेला तेव्हा ती रडली नव्हती, तेरवीला रडली नव्हती. त्या दिवशी वाडीत बसून रडली. मी तिच्या बाजूला बसले. शेजारच्या वाडीतून खेमराजभाऊजींची बायको शकुंतला कुंपणावरून पाहत होती. तिने पाण्याचा तांब्या अलीकडे दिला. तिचे ते मी विसरलेले नाही. माझे जरीचे लुगडे आणि पितळी घागर शकुंतलेला द्यावी.

त्या एका झाडाचे बी घेऊन पुढची कित्येक वर्षे मंजू निवडत राहिली, कारण सुरुवातीला त्याच्याही पोटी वेगवेगळी निघायची. आता निघत नाहीत. लावले ते उगवते, उगवले ते पाझरात उभे राहते. हे काम ओमेशने सुरू केले आणि मंजूने पुरे केले. मी फक्त चव सांगितली.

६. दुर्गेशविषयी. दुर्गेश मोटारी दुरुस्त करतो. आमची विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा पहिल्यांदा आला. नंतर मोटार चांगली चालत असतानाही आला. मी विचारले, “मोटार तर चालू हाय, तू काऊन आला?” म्हणाला, “आवाज बराबर येते का नाई, पाहाले आलो.” तिसऱ्या वेळी मी त्याला बसवून घेतले आणि त्याच्या घरची विचारपूस केली.

मंजू तयार नव्हती. “मी गेली तर झाडं कोण निवडंल?” मी म्हणाले, “तुले जा म्हणून कोण रायलं? त्यालेच इथं आणू.” मग तिने विचारले, “ओमेशले वाईट वाटंल का?” तिने त्याचे नाव घेतलेले मी पहिल्यांदाच ऐकले. मी म्हणाले, त्याला वाईट वाटले असते तर मला आधी कळले असते, मी त्याची आई आहे.

विहिरीवरची मोटार आणि पाइप मंजूसोबत दुर्गेशच्याही नावे राहावेत. यजमानांची सायकल आणि सुतारकामाची पेटी दुर्गेशची.

७. लग्नानंतर खेमराजभाऊजी अंगणात आले आणि म्हणाले, “सून दुसऱ्याची झाली. घर कापगत्यांचं हाय. तिचं नाव काढा.” मी नाही म्हणाले. त्यांनी तलाठी कार्यालयात अर्ज दिला. तो टिकला नाही, पण मला या वयात पुन्हा पुन्हा अर्जुनीला जाऊन उभे राहावे लागले. त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले. भिंतीला भिंत लागून आहे, त्यांच्याकडे खोकला झाला तर मला ऐकू येतो, पण बोलणे नाही.

मग ते पावसाचे वर्ष आले. तलाव काठोकाठ भरला आणि पाझर दोन्ही वाड्यांत आला. खेमराजभाऊजींनी गोंदियाहून विकतची रोपे आणून लावली होती. ती फुलावर असताना एका आठवड्यात सगळी बसली. आमची उभी होती. ते सकाळी कुंपणाशी येऊन उभे राहिले. मी पाहिले आणि घरात गेले. मंजू त्यांच्याशी काय बोलली ते मला ऐकू आले नाही, पण थोड्या वेळाने ती वाफ्यातली रोपे ओल्या पोत्यात गुंडाळून कुंपणापलीकडे देताना दिसली.

मी तिच्यावर रागावले. इतकी कधी रागावले नव्हते. “कायले दिलं त्याले? तुले घरातून काढाले निंगाला होता तो.”

ती हात धूत म्हणाली, “माय, ओमेश हे आपल्या वाडीपुरतं नव्हते करून रायले. पाझर त्याच्या वाडीत बी हाय.”

माझा राग गेलेला नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. पण मंजूने जे केले ते बरोबर होते आणि ओमेशने तेच केले असते.

८. बियाण्याविषयी. दोऱ्याच्या भेदऱ्यांचे बी मी कोणालाही देत नाही, कारण ते माझे नाही, आणि कोणाचेही व्हायला नको. जो मागेल त्याला मंजूने द्यावे. जो ते बंद पाकिटात आपल्या नावाने विकायला मागेल त्याला चहा पाजून परत पाठवावे. दरवर्षी थोडी रोपे पाळीच्या बुडाशीच लावावीत, कोरड्या जागेची चटक लागू देऊ नये. बी एकाच झाडाचे धरू नये, आणि चांगली फळे आधी बियाला, मग रश्शाला. बियाण्याचा एक वाटा नेहमी दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवायला द्यावा. एका घराला आग लागते, पूर येतो, ताप येतो.

गाव त्यांना दोऱ्याचे भेदरे म्हणते, तेच राहू द्यावे. कृषी प्रदर्शनात एका साहेबांनी ओमेशचे नाव द्या असे सुचवले होते. त्यांचा हेतू चांगला होता. पण माझ्या मुलाचे नाव बाजारात किलोच्या भावाने ओरडलेले मला ऐकायचे नाही, मेल्यावरही नाही.

९. ओमेशचा चिमटा आणि भिंग मंजूजवळ आहेत, ते तिचेच. पोस्टातील माझी बचत पुष्पांजलीच्या शिक्षणासाठी. तिने शेतीच शिकावी असा आग्रह कोणी धरू नये. तिला भेदरे आवडत नाहीत, ताटातून बाजूला काढते, त्यावरून तिला रागावू नये.

१०. माझे दिवस. मला अग्नी मंजूने द्यावा. दुर्गेशने नाही आणि भाऊबंदांतल्या कोणा मुलानेही नाही. याबाबत मी तिला विचारले आहे. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “मग अजून कोण देईल?” तेरवी करावी किंवा न करावी, तिची सोय पाहावी.

११. हे मृत्युपत्र अंमलात आणण्याचे काम मंजूने करावे. एक साक्षीदार ईश्वरदास गहाणे गुरुजी आहेत. दुसरे साक्षीदार म्हणून मी खेमराजभाऊजींना निरोप पाठवला आहे. वकील म्हणाले, बाई, हे कशाला? मी म्हणाले, ज्याच्याकडून हरकत यायची त्याचीच सही असू दे. शिवाय शकुंतलेला दिले ते तिचे; त्यांना स्वतःला या कागदात मी काहीही दिलेले नाही, त्यामुळे साक्षीदार व्हायला त्यांना काही अडचण नाही.

येथवर लिहून मी थांबले होते. पुढचे आज, सही करण्याआधी लिहिते.

खेमराजभाऊजी आले. येतील असे मला वाटले नव्हते. काठी टेकत आले, ओसरीवर बसले. कितीतरी वर्षांनी. मी गुरुजींसमोर सगळा कागद मोठ्याने वाचला, चौथे आणि सातवे कलमही. भाऊजी जमिनीकडे पाहत ऐकत होते. मग गुरुजींनी विचारले, “खेमराज, यात काही खोटं आहे का?”

ते म्हणाले, “नाई. बोललो तसंच लिवलं हाय.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “पण वैनी, एक गोष्ट रायली. ओमेशच्या खाटेले पुढचा खांदा माया होता. घाटापर्यंत बदलला नाई मी. ते बी लिवा.”

ते खरे आहे. लोक तिरडीचा खांदा बदलायला पुढे येत होते आणि ते देत नव्हते. मी पाहिले होते.

म्हणून लिहिले.

वरील सर्व मजकूर मी वाचला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर खाली सही केली. माझी सही झाल्यावर त्या दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार:
(सही) धुरपताबाई सुकराम कापगते

साक्षीदार:
१. (सही) ईश्वरदास तुकाराम गहाणे, सेवानिवृत्त शिक्षक, केशोरी
२. (सही) खेमराज सीताराम कापगते, शेती, केशोरी. मयत ओमेशचा काका.